आत्मसंरक्षणाचे शस्त्र आणि नियमांची वर्गवारी : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

आत्मसंरक्षणासाठी आणि सर्वसाधारण वापरासाठी अर्धस्वयंचलित रायफल कोणती निवडावी, हा प्रश्न अमेरिकेत ग्राहकाचा प्रश्न आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर प्रकरणात घरात आत्मसंरक्षणार्थ शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. त्यामुळे नळीची लांबी, काडतुसाचा प्रकार आणि किंमत यांवर चर्चा होते व निवड केली जाते. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या रहिवाशाला मात्र ही निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. त्याच्या वतीने ती निवड शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांच्या पहिल्या अनुसूचीने आधीच केलेली असते. ही निवड कोणत्या तत्त्वावर झाली आणि ते तत्त्व अधिनियमाने स्वतःच जाहीर केलेल्या हेतूशी जुळते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शस्त्रांचा प्रसार व्हावा असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. परंतु योग्य निर्बंध चुकीच्या कारणावर उभा असेल, तर त्याची चिकित्सा व्हावयास हवी.

१९५९ च्या विधेयकासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदन हे आपल्याकडील विधिसाहित्यातील एक दुर्लक्षित पण लक्षणीय गद्य आहे. १८७८ च्या लिटनकालीन कायद्याने साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र केले होते. युरोपीय रहिवाशाला सूट आणि देशी माणसाला परवाना, असा त्याचा उघड भेद होता. गांधीजींनी १९१८ मध्ये त्यावर कठोर टीका केली. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तशी दुरुस्ती सुचविली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सर्वांना दिला तर गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली आणि संविधानात उरले ते शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. म्हणजे १९५९ चा कायदा करणाऱ्यांसमोर दोन परंपरा होत्या. कराचीची परंपरा नागरिकावर विश्वास ठेवणारी होती, तर आंबेडकरांचा युक्तिवाद हक्काऐवजी पात्रतेवर भर देणारा होता. निवेदनाने दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. लष्करी धाटणीची घातक शस्त्रे नागरिकांच्या, विशेषतः समाजविघातक घटकांच्या, हाती पडू नयेत. आत्मसंरक्षणाची शस्त्रे, पूर्वचारित्र्य आड येत नसेल तर, परवान्यावर सर्वांना मिळावीत. आणि प्रशिक्षणासाठी व सामान्य नागरी वापरासाठी लागणारी शस्त्रे अधिक सुलभ व्हावीत, असे तीन हेतू त्यात नोंदविले आहेत. ही विभागणी उपयोगावर आधारलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९६२ च्या व नंतरच्या २०१६ च्या शस्त्र नियमांतील अनुसूची वाचताना मात्र उपयोगाचा हा निकष नाहीसा होतो आणि त्याची जागा नळीचा व्यास व यंत्रणा घेतात. चाप दाबून ठेवला असता गोळ्या सुटतच राहतात असे शस्त्र ‘प्रतिबंधित’ होय. याविषयी वाद नाही. अर्धस्वयंचलित शस्त्रात एका दाबाला एकच गोळी सुटते. सुटलेल्या गोळीच्याच वायूने वा धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते व पुढचे काडतूस नळीत चढते. अशी शस्त्रे पहिल्या वर्गाच्या दुसऱ्या पोटवर्गात, म्हणजे ‘निर्बंधित’ शस्त्रांत, मोडतात. परंतु तेथेच एक अपवाद आहे : तिसऱ्या वर्गातील पिस्तुले त्यातून वगळली आहेत. पिस्तुलाची यंत्रणा सामान्यतः अर्धस्वयंचलितच असते. तात्पर्य, जी यंत्रणा रायफलीत असली की दिल्लीच्या गृह मंत्रालयापर्यंत जावे लागते, तीच .३२ बोअरच्या पिस्तुलात असली की ठाण्याच्या पोलीस आयुक्तांच्या परवान्यावर मिळू शकते. रायफल दूरच्या माऱ्याची आणि पिस्तूल जवळचे, म्हणून हा फरक केला असे कोणी म्हणेल. पण मग ९ मिलिमीटरचे पिस्तूल निर्बंधित का आणि .३१५ बोअरची रायफल अनुज्ञेय का?

ईशापूरच्या रायफल कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल हे भारतीय परवानाधारकाचे परिचित शस्त्र आहे. बोल्ट हाताने मागेपुढे करून चालणारी, ली-एनफिल्डच्या वळणाची ही रायफल आठ मिलिमीटरचे, पूर्ण शक्तीचे काडतूस झाडते. त्याची मारकशक्ती ९ मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा अनेक पटींनी अधिक आहे. घातकता हा निकष असता तर क्रम नेमका उलटा लागला असता. खरा निकष अनुसूचीच्या शब्दांतच दडलेला आहे. ज्या नळीत .३०३ अथवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस बसू शकते ती रायफल निर्बंधित आणि ज्यात बसत नाही ती अनुज्ञेय. सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस खासगी शस्त्रात वापरता येऊ नये, ही यामागची चिंता आहे. ती १९५९ ची नव्हे, त्याहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली ती याच भयापोटी. परिणामी इंग्लंडातील बंदूककारांना .४७० सारखी नवी काडतुसे घडवावी लागली. साम्राज्याने नागरिकाकडे संभाव्य बंडखोर म्हणून पाहिले आणि त्याच्या बंदुकीचे तोंड आपल्या काडतुसाशी जुळू नये याची व्यवस्था केली. स्वतंत्र भारताच्या निवेदनाने भाषा बदलली, पण अनुसूचीने जुनेच माप हाती ठेवले.

या संदर्भात ठाण्याचा एक ऐतिहासिक दुवा आठवतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या वीस ब्राउनिंगांचा त्या खटल्यांत मोठा बोलबाला झाला. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. साम्राज्याच्या दृष्टीने सर्वांत भयावह ठरलेले शस्त्र म्हणजे खिशात मावणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल. आजच्या अनुसूचीत लहान बोअरच्या त्याच जातीच्या शस्त्राला अपवाद लाभावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

‘सामान्य नागरी वापर’ या दुसऱ्या शब्दप्रयोगाचे काय झाले? १९५९ मध्ये त्याचा मुख्य आशय शिकार हाच असणार. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ने तो आशय जवळजवळ संपविला. परवाना देण्याची तरतूद मात्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात आजही कायम आहे आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि रायफल क्लबच्या सदस्यासाठी नेमबाजीच्या सरावाचे अग्निशस्त्र, एवढ्यांपुरते कलम परवाना प्राधिकाऱ्याला परवाना ‘द्यावा’ असे सांगते. इतर सर्व बाबतींत सबळ कारणाची खात्री पटली पाहिजे. म्हणजे आत्मसंरक्षणाचे शस्त्र कोणते, याचे उत्तर संसदेने स्वतः दिलेले आहे : बारा बोअरची लांब बंदूक. हे उत्तर अनुसूचीपेक्षा शहाणपणाचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कारण डोंबिवलीतील घरांची रचना लक्षात घेतली पाहिजे. दोन सदनिकांमध्ये विटांची एक पातळ भिंत, पलीकडे दुसऱ्याचा पलंग आणि खाली गजबजलेली गल्ली. .३१५ ची गोळी अशा भिंतीपाशी थांबत नाही. बारा बोअरचा बारीक छर्रा लवकर वेग गमावतो, म्हणून शेजाऱ्याला धोका तुलनेने कमी राहतो. अर्थात कमी म्हणजे शून्य नव्हे. अर्धस्वयंचलित रायफल या वस्तीत नसावी, हा निष्कर्ष म्हणूनच बरोबर आहे. पण तो ‘काडतूस लष्कराशी जुळते’ या कारणाने नव्हे, तर ‘गोळी शेजाऱ्यापर्यंत पोचते आणि पाठोपाठ दुसरीही पोचते’ या कारणाने. कारण चुकले की काय होते, ते .३१५ ला मिळालेल्या मोकळिकीत दिसतेच. येथे ऑस्ट्रेलियाशी तुलना उद्बोधक ठरते. पोर्ट आर्थर येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर त्या देशाने यंत्रणेवर कठोर निर्बंध घातले, पण त्याआधी प्रत्येक अर्जदाराला ‘खरे कारण’ विचारले आणि आत्मसंरक्षण हे कारण मान्यच केले नाही. ही भूमिका आपल्याला पटो वा न पटो, तिच्यात सुसंगती आहे. आपल्याकडे आत्मसंरक्षण हे कारण मान्य आहे, पण शस्त्राचे माप त्याच्याशी जोडलेले नाही.

आत्मसंरक्षणाच्या नावाने झालेली निवड किती भरकटू शकते याचे सर्वज्ञात उदाहरण ठाण्याच्या शेजारच्या मुंबईतील आहे. अभिनेता संजय दत्त यांच्याकडे तीन परवानाधारक शस्त्रे असतानाही १९९३ मध्ये त्यांनी एके-५६ रायफल स्वतःजवळ ठेवली. दंगलीच्या काळात कुटुंबाच्या संरक्षणासाठी ती घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. टाडाच्या आरोपांतून ते सुटले, शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरले आणि २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. या प्रकरणाची चर्चा बहुधा नट, राजकारण आणि सहानुभूती यांभोवती फिरली. पण अधिक मूलभूत प्रश्न असा की, भय खरे मानले तरी तीन कायदेशीर शस्त्रे त्या भयाला अपुरी का वाटावीत? भयाला मर्यादा नसते आणि शस्त्राची निवड भयावर सोपविली की ती नेहमी एक पायरी वर सरकते.

खासगी बचावाच्या हक्काची भाषा मात्र मर्यादेची आहे. भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आली. बचावाला आवश्यक तेवढीच इजा, आणि सार्वजनिक प्राधिकाऱ्याचा आश्रय घेण्यास अवधी असेल तर हक्क नाही, या दोन अटी कायम आहेत. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात जमिनीच्या वादातून गोळीबार झाला आणि कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. आपल्या मुलाला मारहाण होत होती, असे त्यांनी वृत्तवाहिनीला सांगितले. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा हा येथील विषय नाही. विधीच्या अभ्यासकाला त्यात एवढेच लक्षणीय वाटते की, ज्या सार्वजनिक प्राधिकाऱ्याचा आश्रय घ्यावा असे कलम म्हणते त्याच्याच खोलीत गोळ्या झडल्या. अशा वेळी पिस्तुलाचा बोअर .३२ आहे की ९ मिलिमीटर, हा अनुसूचीचा प्रश्न किती गौण ठरतो!

मग परवाना कोणाला मिळतो? २०१६ चे नियम अनुज्ञेय शस्त्रांसाठी अशा व्यक्तीचा विचार करावयास सांगतात, जिला व्यवसाय, पेशा, नोकरी यांच्या स्वरूपामुळे ‘अथवा अन्यथा’ जीवित वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे. बांधकाम व्यावसायिक, सराफ व लोकप्रतिनिधी पहिल्या तीन शब्दांत सहज बसतात. साक्षीदार, एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई वा गावगुंडांविरुद्ध तक्रार करणारा कार्यकर्ता, या साऱ्यांना ‘अन्यथा’ या एका शब्दात जागा शोधावी लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारू नये, असे अधिनियमाचे चौदावे कलम स्पष्ट बजावते. कायद्याची समता त्या कलमात आहे, पण नियमाचा कल व्यवसायाकडे आहे. निर्बंधित शस्त्रांच्या बाबतीत तर नियमांचा सारा भर दहशतवादाच्या धोक्यावर आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्याच हाती जुन्या .३०३ रायफली होत्या, हे आठवले म्हणजे नागरिकाने अर्धस्वयंचलित रायफल घेऊन दहशतवाद्याला तोंड द्यावे ही कल्पना किती कागदी आहे ते कळते.

शेवटी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळले पाहिजे. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली व उल्हासनगर हा पट्टा पोलीस आयुक्तालयात येतो. मुरबाड व शहापूर तालुक्यांसाठी जिल्हाधिकारी हे परवाना प्राधिकारी आहेत. डोंगराकडेच्या शेतात रानडुकरे भात व भाजीपाला उद्ध्वस्त करतात आणि तेराव्या कलमातील ठासणीच्या बंदुकीचा खरा लाभार्थी तोच शेतकरी आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडत असेल तर त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, असे परंतुकही तेथे आहे. वन्यप्राणी मारण्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे खरे. पण १९५९ च्या निवेदनातील ‘सामान्य नागरी वापर’ आज जिवंत असेल तर तो येथेच. २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकाकडील शस्त्रांची संख्या तिनावरून दोनावर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि शिक्षा वाढविल्या. नियमांच्या अनुसूचीतील बोअरचे माप मात्र त्यानंतरही जागचे हलले नाही, आणि मुरबाडच्या अर्जदाराला आपली गरज डोंबिवलीच्या सराफासाठी बेतलेल्या शब्दांतच मांडावी लागते.