रान आहे, नदी नाही : ‘कोमस’च्या पहिल्या तबकडीविषयी

मावळ-मुळशीच्या पट्ट्यात विहिरीच्या नाहीतर ओढ्याच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड दिसतात. त्या साती आसरा. माझी आजी सांगायची, भर दुपारी एकट्यानं पाण्यावर जाऊ नये, आसरा धरतात. पण हीच आजी सुनेला मूल व्हावे म्हणून त्याच सात दगडांपुढे ओटी भरून आली होती. धरणारी आणि देणारी एकच, यात तिला विसंगती वाटत नव्हती. आज मारुंजीतून हिंजवडीकडे पाहिले की काचेच्या इमारती दिसतात, तरी आजीचे ते दोन्ही हात डोक्यातून जात नाहीत. एका परदेशी तबकडीचा विचार करताना मला त्यांचाच आधार झाला.

ही तबकडी म्हणजे ‘फर्स्ट अटरन्स’. ‘कोमस’ या इंग्रजी वाद्यवृंदाची ती पहिली निर्मिती, १९७१ सालची, ‘डॉन’ या कंपनीने काढलेली. रॉजर वूटन आणि ग्लेन गोरिंग हे दोघे लंडनलगतच्या ब्रॉम्ली येथे कलाशिक्षण घेत असताना एकत्र आले. पुढे व्हायोलिन, बासरी-ओबो, बास गिटार वाजवणारे आणि बॉबी वॉटसन ही गायिका त्यांना मिळाली. तबकडीवर सात रचना आहेत. वेष्टनावरचे वेडेवाकडे, पिळवटलेले मानवी शरीर वूटन यांनी बॉलपेनने काढलेले आहे. त्या वेळी तबकडी खपली नाही आणि वाद्यवृंदही लवकरच मोडला. पुढे मात्र तिला निष्ठावंत श्रोते मिळाले. स्वीडनच्या ‘ओपेथ’ या मेटल वाद्यवृंदाने १९९८ मध्ये आपल्या एका अल्बमचे नावच तिच्यातल्या शब्दांवरून घेतले. ‘पेगन’ म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गदैवतांच्या जगातून प्रेरणा घेणाऱ्या लोक-रॉकचा विषय निघाला की हे नाव आज हमखास घेतले जाते.

‘पेगन’ हा शब्द जपून वापरायला हवा. इंग्लंडमधली जुनी दैवते कित्येक शतकांपूर्वीच पूजेतून गेली. जेराल्ड गार्डनर यांचे चेटूकधर्मावरील पुस्तक १९५४ चे. चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यानंतर तीन वर्षांनी आलेले. ही परंपरा अखंड चालत आल्याचा दावा केला जाई, पण तिची आजची मांडणी आधुनिक काळातच झाली, हे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ग्रंथात सविस्तर दाखवले आहे. म्हणजे १९७१ च्या तरुणांपुढे गावच्या वेशीवरचा देव नव्हता. त्यांच्यापुढे पुस्तक होते. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून मातृदेवतांची ठाणी नोंदवत होते, तेव्हा त्यांना शेंदूर ओला सापडत होता. वूटन यांना तसे काही सापडणे शक्य नव्हते.

पुस्तक होते जॉन मिल्टनचे. १६३४ मध्ये लडलोच्या किल्ल्यात सादर झालेले त्याचे संगीत-नृत्यनाट्य आज ‘कोमस’ या नावाने ओळखले जाते. मद्यदेव बॅकस आणि चेटकीण सर्सी यांचा मुलगा कोमस रानात राहतो, वाटसरूंना पेला पाजून त्यांची तोंडे जनावरांची करतो. भावांपासून चुकलेली एक तरुणी त्याच्या तावडीत सापडते. तो तिला मंतरलेल्या आसनावर खिळवतो, पण तिचे तोंड बंद करू शकत नाही. ती त्याच्याशी मुद्देसूद वाद घालते.

तबकडीने यातले रान घेतले आणि ते असे काही उभे केले की पहिल्यांदा ऐकताना मी दिवा लावला. ‘डायना’ या पहिल्याच रचनेत वासना सद्गुणाचा पाठलाग करते. नेहमीच्या रॉकमधला ड्रमसंच इथे नाही. हाताने वाजवलेले ढोल, घासत जाणारे व्हायोलिन आणि गिटारच्या तारांवरचे ओरखडे आहेत. वूटन यांचा आवाज कधी कुजबुजतो, कधी बोकडासारखा फाटतो. विजेच्या मोठ्या आवाजाने जी भीती निर्माण करता येत नाही, ती लाकूड, तार आणि घसा एवढ्यावर निर्माण झाली आहे. जागरणात रात्री दोननंतर दिमडी आणि तुणतुण्याची लय चढते तेव्हा अंगात येणारे येतात, न येणाऱ्यांच्याही पाठीतून काही सरकते. ‘सॉंग टू कोमस’ ऐकताना ते मला ओळखीचे वाटले. हे या तबकडीचे खरे यश, आणि ते मोठे आहे.

पण माझ्या मुलीने ऐकताना एक प्रश्न विचारला, “बाबा, यातली बाई कधी बोलते?” मी पुन्हा सगळे ऐकले. ‘ड्रिप ड्रिप’मध्ये खून आहे आणि तो खुन्याच्या तोंडून येतो. ‘सॉंग टू कोमस’मध्ये मुलीला भुलवून तिच्यावर बलात्कार होतो. बॉबी वॉटसन गातात, किंचाळतात, त्यामुळे बाईचा आवाज आहे. बाईचे म्हणणे नाही. मिल्टनने तिला दिलेला वाद इथे गळला आहे. केवळ हिंसा आहे म्हणून कोणी या कलाकृतीला नाके मुरडत असेल तर त्याच्याशी मी सहमत होणार नाही. आपल्या लोककथांतही हिंसा कमी नाही. माझी तक्रार वेगळी आहे: तबकडीने कथा अर्धीच घेतली.

कथेचा उरलेला अर्धा भाग असा. भाऊ धावत येतात, कोमसला हुसकतात, पण त्याची कांडी हिसकावून घ्यायला विसरतात. तरुणी खिळलेलीच राहते. तलवारीने तिची सुटका होत नाही. मग मेंढपाळाच्या वेषातला रक्षक आत्मा सेव्हर्न नदीची देवता सॅब्रिना हिला गाऊन बोलावतो. ती येते, तरुणीवर पाण्याचे थेंब शिंपडते आणि आसन सुटते. ही सॅब्रिना मूळची बुडून मेलेली मुलगी. ब्रिटनच्या जुन्या आख्यानात तिला सावत्र आईने नदीत टाकलेले आहे. अपमृत्यू आलेल्या बाईचे पुढे ठाणे होते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. आणि गोंधळी जसे दूरदूरच्या देवतांना नाव घेऊन गोंधळाला बोलावतात, तसेच हे बोलावणे आहे. मिल्टन स्वतः कडवा प्युरिटन वळणाचा ख्रिस्ती, तरी सुटकेसाठी त्याला नदीकडेच जावे लागले.

एका संगीतमंडळीने नेमका तो प्रसंग वगळावा ज्यात गाण्यानेच सुटका होते, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

कोणी म्हणेल, ‘द हेरल्ड’ आहे ना. सुमारे बारा मिनिटांची ती रचना खरोखर शांत, सुंदर आहे. बासरी आणि वॉटसन यांचा स्वर यांनी भरलेली. परंतु तिची जागा दुसरी आहे. खून त्यानंतर येतो, बलात्कार त्यानंतर येतो, ‘द बाइट’मध्ये एका ख्रिस्ती माणसाला फासावर नेले जाते तेही त्यानंतरच. शांतता आधी येऊन गेली आणि पुन्हा आलीच नाही, तर ती दिलासा देत नाही. पुढचे अधिक भयाण करते. शेवटची रचना ‘द प्रिझनर’ मनोरुग्णालयात कोंडलेल्या, विजेचे झटके दिलेल्या माणसाची. रानातून निघालेली वाट इथे येऊन थांबते. कदाचित हाच तबकडीचा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. ज्या समाजाने आपली ठाणी मोडली, त्याच्याकडे झपाटलेल्या माणसासाठी उरते ती कोठडी, असे ती नकळत सांगून जाते.

आपल्याकडे झपाटणाऱ्याला पत्ता असतो. म्हसोबा कुठे बसतो, आसरा कुठल्या पाण्यावर आहेत, कुणाला काय चालते, हे ठाऊक असते. हे सगळे निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. अंगात येण्याच्या नावाखाली बायकांचे झालेले हाल मी पाहिले आहेत, आणि आजारी माणसाला डॉक्टरच हवा. तरी भीती आणि ओटी एकाच दगडापुढे ठेवण्याची जी समज आजीकडे होती, ती ब्रॉम्लीच्या त्या बुद्धिमान मुलांना पुस्तकातून उचलता आली नाही. निसर्ग म्हणजे फक्त पाठलाग करणारा, असे त्यांनी धरले.

हे लिहिताना मी स्वतःलाही विचारतो आहे. आमच्या भागातले ओढे नळ्यांत गेले, विहिरी बुजल्या. उद्या इथल्या उंच इमारतींत वाढलेली मुले म्हसोबा-म्हातोबावर रॉक रचतील; रचावेच. त्यांनाही तोवर पुस्तकातूनच जावे लागेल. तेव्हा ढोल, भंडारा, अंगातले वारे हे सगळे त्यांना सहज सापडेल, कारण ते नजरेत भरते. काठावरचे सात दगड कुणीतरी त्यांना दाखवावे लागतील.