द्वाड मुलगी आणि ऐकणारा हेडमास्तर

पहिलीच्या वर्गांतून एका मुलीला काढून टाकावें लागतें, याहून शाळेच्या पराभवाचें स्पष्ट चिन्ह दुसरें कोणतें? तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचें ‘तोत्तोचान’ हें बालपणच्या आठवणींचें पुस्तक अशाच एका पराभवापासून सुरू होतें. १९८१ सालीं जपानांत प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक पुढें नॅशनल बुक ट्रस्टनें मराठींतहि आणलें, आणि आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत त्याचें मोठें कौतुक झालें. तें कौतुक यथार्थच आहे. तथापि आगगाडीच्या डब्यांत भरणारे वर्ग, मनास येईल तो विषय आधीं घेण्याची मुभा, अशा मनोहर गोष्टींपाशींच तें बहुधा थांबतें. आमच्या मतें पुस्तकाचा गाभा निराळा आहे. त्रास देणाऱ्या मुलाशीं मोठ्यांनीं कसें वागावें, हा त्याचा खरा विषय होय.

तोत्तोचानचे अपराध तरी कोणते? शाळेंतील मेजाला वर उघडणारें झांकण आहे, याचा तिला एवढा आनंद झाला कीं ती तें दिवसभर उघडीत व मिटीत बसे. खिडकीशीं उभें राहून ती रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हांक मारी, आणि मग सारा वर्गच खिडकीकडे धांवे. वळचणीच्या पांखरांशीं ती मोठ्यानें बोले. ध्वजाचें चित्र काढतांना त्याची झालर कागदांत मावेना, तेव्हां ती मेजावर उतरली. बाईंनीं हे सारे प्रकार आईला सांगून मुलीस दुसरीकडे नेण्यास सुचविलें. बाईंना यांत अवज्ञा दिसली. वाचकाला दिसतें तें कुतूहल. एकाच कृतीचे हे दोन अर्थ लेखिका शेजारी शेजारी ठेवते आणि निकाल वाचकावर सोडते. तिच्या लेखनाचें खरें बळ येथें आहे.

त्यानंतर येते तोमोए नांवाची शाळा आणि तिचे हेडमास्तर सोसाकु कोबायाशी. आईला घरीं पाठवून ते मुलीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिला जें सांगावयाचें असेल तें सांगूं देतात. ती जवळजवळ चार तास बोलत राहते. या अवधींत ते ना उपदेश करतात, ना पूर्वीच्या शाळेची चौकशी. नव्या विद्यार्थिनीची परीक्षा म्हणून त्यांनीं केलें तें एवढेंच.

परंतु कोबायाशी म्हणजे नुसती माया, असा समज कोणी करून घेऊं नये. तोत्तोचानची आवडती पैशांची पिशवी संडासाच्या टाक्यांत पडते, आणि ती लांब दांड्याच्या पळीनें आंतील घाण उपसूं लागते. हेडमास्तर तेथून जातात, काय चाललें आहे तें विचारतात, आणि काम झाल्यावर सर्व पुन्हां जागच्या जागीं टाकशील ना, एवढेंच म्हणतात. पिशवी सांपडत नाहीं. मुलगी मात्र सारा ढीग परत टाकते. रागावणें सोपें होतें, मदत करणेंहि सोपें होतें. त्यांनीं तिसरा, अवघड मार्ग पत्करला : मुलीचें काम तिचेंच राहूं दिलें आणि त्याची जबाबदारीहि तिच्याकडेच ठेविली. याला शिस्त म्हणावयाचें नसेल, तर शिस्त या शब्दाला अर्थ उरत नाहीं.

मोठ्यांच्या बाबतींत ही शिस्त अधिक कडक होते. ताकाहाशी या वाढ खुंटलेल्या मुलाला एका बाईंनीं थट्टेनें शेंपटीविषयीं विचारलें, तेव्हां हेडमास्तर विलक्षण संतापले. परंतु तेंहि चारचौघांत नव्हे, स्वयंपाकघरांत, एकांतीं. मुलाच्या वर्तनाआधीं मोठ्यांचें वर्तन तपासावें, हा धडा पुस्तकांत कोठेंहि शब्दांत मांडलेला नाहीं, आणि म्हणूनच तो मनांत उतरतो.

असें असलें तरी या पुस्तकाच्या दोन उणीवा सांगणें अवश्य आहे. पहिली ही कीं, जुन्या शाळेंतील बाईंना येथें न्याय मिळालेला नाहीं. भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या त्या तरुण शिक्षिकेची तक्रार विनोदाच्या सुरांत येते आणि हंशांत विरते. उलट तोमोएंत सबंध शाळेंत मिळून सुमारें पन्नासच मुलें होतीं. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. ओए हा मुलगा तोत्तोचानच्या वेण्या ओढून तिला रडवितो. हेडमास्तर त्याची कानउघाडणी करतात व तो येऊन क्षमा मागतो. पण त्या दोघांत बोलणें काय झालें? तें आपणांस फारसें कळत नाहीं. कारण लहान तोत्तोचानला जेवढें ठाऊक होतें, त्यापलीकडे लेखिका फारशी जात नाहीं. निरागस द्वाडपणाला कसें सांभाळावें हें पुस्तक उत्तम दाखवितें. दुसऱ्यास दुखविणाऱ्या मुलाशीं काय बोलावें, हें मात्र शिक्षकानें स्वतःच शोधावयाचें.

हेंच शोधणें गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकांत आढळतें. तेथें डबे नाहींत, निवडक मुलेंहि नाहींत. आहे तो साधा, गोंगाट करणारा चौथीचा वर्ग. नवा शिक्षक मोठ्या उमेदीनें शांततेचा खेळ मांडतो, आणि पहिल्याच दिवशीं मुलें त्याचा फज्जा उडवितात. तो छडी उचलीत नाहीं. मुलांना सुट्टी देतो आणि दुसऱ्या दिवशीं गोष्ट घेऊन येतो. ज्या मुलांना गप्प बसवितां येत नव्हतें, तीं गोष्टीसाठीं आपण होऊन गप्प बसतात. भावनगरच्या या गिजुभाईंबरोबर आपल्या ताराबाई मोडकांनीं कांहीं वर्षें काम केलें, हें मराठी वाचकांस ठाऊकच आहे. ‘तोत्तोचान’ वाचणाऱ्यानें ‘दिवास्वप्न’ शेजारीं ठेवावें. एकांतील उणीव दुसरें पुष्कळशी भरून काढतें.

या चर्चेचें प्रयोजन केवळ साहित्यिक नाहीं. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलास शाळेंतून काढून टाकण्यास मनाई केली आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांसहि बंदी आहे. म्हणजे तोत्तोचानला जें भोगावें लागलें, तें आज कायद्यास मान्य नाहीं. पण कायदा काय करूं नये तें सांगतो. काय करावें तें सांगूं शकत नाहीं. हकालपट्टी न करतांहि मुलाला मागच्या बांकावर बसवून विसरून जातां येतें. मूळ जपानी नांवांतील ‘खिडकीजवळची’ या शब्दाचा ध्वनि नेमका हाच, कडेला सारल्या गेलेल्या माणसाचा, आहे.

तोमोए शाळा १९४५ च्या बाँबवर्षावांत जळाली. कोबायाशी १९६३ मध्यें वारले. तशी शाळा पुन्हां उभारणें कोणाच्या हातीं असो वा नसो, एका मुलाचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेणें प्रत्येक शिक्षकाच्या व पालकाच्या हातीं आहे. म्हणून हें पुस्तक मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं स्वतः वाचावें, अशी आमची शिफारस आहे.