ओलीची रेघ

पुण्याच्या एका जुन्या पेठेत एक दुमजली वाडा आहे. त्याच्या माजघरातल्या पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण कमरेएवढ्या उंचीवर ओलीची रेघ उमटलेली आहे. ती सरळ नाही. कोपऱ्याशी वर चढते, खिडकीखाली उतरते, आणि मोरीजवळ हरवूनच जाते, कारण तिथे सगळी भिंतच काळवंडली आहे. रेघेच्या खाली रंग गडद, रेघेवर पांढरा भुरभुरीत लोणा. त्या जागी गिलाव्यावर बोट दाबलं तर त्याचं पीठ होऊन गळतं. घरच्यांच्या लेखी तो दर दिवाळीला रंगाखाली झाकायचा डाग. मला मात्र त्या घरातलं सर्वांत खरं लेखन तेच वाटतं, आणि ते सावकाश वाचण्यात जो आनंद आहे तो वाचकांपर्यंत पोचवावा म्हणून हे लिहितो आहे.

आधी तिची उंची पाहू. निरांजनातली वात तेल वर ओढते तशी वीट आणि चुना आपल्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतलं पाणी वर ओढतात. ते पाणी चढत जातं तसं भिंतीच्या पृष्ठभागावरून उडूनही जातं. जिथे चढणं आणि उडणं यांचा मेळ बसतो तिथे रेघ थांबते. म्हणजे ही रेघ हा एक चालू हिशेब आहे. जमिनीतली ओल वाढली की ती वर सरकते, वारा आणि ऊन लागलं की खाली येते. जमिनीतून चढलेली ओल बहुधा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही. डाग छताजवळ असेल तर जमिनीला दोष देऊ नये, शोध कौलांत आणि पन्हळीत घ्यावा. डाग गोल असून वर्षभर सारखाच राहत असेल तर भिंतीत नळ फुटला आहे. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला सर आल्यावर दिसून उघडिपीत विरणारे ठिपके असतील तर बाहेरचे सांधे उघडे पडले आहेत. कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर घरातल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ‘ओल आली’ म्हणतो आणि सगळ्यांवर एकच औषध लावतो. जुन्या घरांचं निम्मं नुकसान या घाईनं केलेलं आहे.

मग रेघेची कड. लोण्याची ती पांढरी किनार म्हणजे पाण्यानं वाटेत विरघळवून आणलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. सगळे क्षार एका उंचीवर थांबत नाहीत. कमी विरघळणारे सल्फेट खालीच स्फटिक धरतात, नायट्रेट आणि क्लोराईड पार वरच्या कडेपर्यंत प्रवास करतात. या वाड्याच्या मागे पूर्वी गोठा होता. आता तिथे दुचाक्या लावतात, गोठा पाहिलेलं माणूसही घरात उरलेलं नाही. पण गुरांच्या मुताचं जमिनीत मुरून नायट्रेट होतं, आणि हेच नायट्रेट भिंतीच्या कडेला पांढरं होऊन बसतं. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा शोरा असल्याच मातीतून काढत. गोठा गेला, गुरं गेली, गोठ्याची नोंद भिंतीनं ठेवली. या भिंतीतला मला सर्वांत आवडणारा तपशील हाच.

याच नोंदीतून पुढचा पेच उभा राहतो. हे वरचे क्षार हवेतलं पाणी शोषतात. श्रावणात हवा दमट झाली की खालून थेंबभर पाणी न चढताही तो पट्टा ओला दिसतो, हाताला गार आणि चिकट लागतो. घरचे म्हणतात, पावसानं ओल वाढली. विजेवर चालणारं ओलमापक यंत्र भिंतीला टेकवलं तर तेही मोठा आकडा दाखवतं. ते पाणी थेट मोजत नाही, वीज किती सहज वाहते ते मोजतं, आणि क्षारांमुळे ती सहज वाहते. त्या आकड्यावर विसंबून भिंतीत भोकं पाडून रसायनं भरणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. खरं उत्तर हवं असेल तर भिंतीच्या आतून भुकटी काढून ती कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत मिसळावी. भुकटीत जितकं पाणी, तितका वायूचा दाब. नाहीतर याहून स्वस्त उपाय म्हणजे वैशाखात एकदा आणि आषाढात एकदा भिंत पाहावी. वैशाखातही ओली राहिलेली भिंत जमिनीतून पाणी पिते आहे. फक्त पावसाळ्यात घामेजणारी भिंत क्षारांनी भरलेली आहे. दोन्हींचा उपचार वेगळा आहे.

वाफेचा संशय असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या दिसणाऱ्या जागी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडा चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते आहे, खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतून. पैसे जवळपास लागत नाहीत, आणि तरीही ही परीक्षा फार थोडे लोक करतात.

आता त्याच भिंतीवरचा दुसऱ्या हाताचा मजकूर. काही वर्षांपूर्वी कोणीतरी खालच्या भागाचा चुन्याचा गिलावा खरवडून तिथे सिमेंटचा पट्टा मारला. हेतू चांगला होता. पण सिमेंटच्या घट्ट थरातून पाणी बाहेर पडू शकत नाही. उडण्याची वाट बंद झाल्यावर ते आणखी वर चढलं आणि पट्ट्याच्या डोक्यावरून बाहेर आलं. घरच्यांच्या आठवणीत पूर्वी रेघ गुडघ्याशी होती, आता ती कमरेशी आहे. पट्ट्यावर मुठीनं ठोकलं तर पोकळ आवाज येतो, आणि एका फुटलेल्या जागी आतली वीट दिसते. तिची पाठ सोलून निघाली आहे. क्षार बाहेर येऊ न शकल्यानं विटेतच स्फटिक धरून तिला आतून फोडत आहेत.

इथे जुन्या गवंड्यांच्या कामाचा आदर वाटल्यावाचून राहत नाही. ते चुना भिजवून मुरवत, घाणीवर बैल जुंपून वाळूबरोबर किंवा विटेच्या सुरखीबरोबर दळत, आणि त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. मात्र तो विटेपेक्षा मऊ राहतो, आणि त्याचं मोठेपण त्या मऊपणात आहे. क्षार येतात ते त्याच्या अंगावर, भुगा होतो तो त्याचा, वीट शाबूत राहते. काही वर्षांनी तो खरवडून नवा लावायचा, एवढाच खर्च. भुगा झालेल्या चुन्याला निकामी म्हणणं मला अन्याय वाटतो. त्यानं नेमून दिलेलं काम पूर्ण केलेलं असतं.

जोत्याकडे पाहा. दारापुढे घडीव काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या, त्यांतली एकच आज रस्त्यावर दिसते. पेठांतल्या रस्त्यांवर थरावर थर चढत गेले आणि वाडे जागच्या जागी खाली गेले. जोत्याचा जो दगड पावसाचं पाणी भिंतीपासून दूर ठेवत होता तो आता जमिनीच्या पातळीत आहे. चौकातही तेच. पूर्वी तिथे माती होती, तुळशीवृंदावन होतं, पाणी जिरत होतं आणि उडत होतं. आता भिंतीला भिडवून काँक्रीट घातलं आहे, आणि जमिनीतल्या ओलीला बाहेर पडायला भिंतींखेरीज जागा नाही.

ओसरीवरचे खांब त्याहून बोलके आहेत. सागाचा खांब थेट जमिनीत कधी रोवत नसत. त्याखाली दगडी तळखडा असे, लाकूड मातीपासून वीतभर वर राही. नवी फरशी बसवताना या वाड्यातले दोन तळखडे बुडाले आणि खांबांचे पाय फरशीत गाडले गेले. लाकडात वीस टक्क्यांच्या वर पाणी टिकून राहिलं की बुरशीला त्यात घर करता येतं. साग पुष्कळ दम धरतो, पण कायमची ओल त्यालाही सोसत नाही. सुतार अशा वेळी हातोडीच्या दांड्यानं वरून खाली ठोकत येतो. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो तिथे तो आरी टोचतो, आणि ती सहज आत गेली की पुढे काही विचारायला लागत नाही. शेजारी मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी ओलीचा माग काढत आधीच पोचलेली आहे.

वरच्या मजल्यावर वाचन अवघड होतं, कारण पाणी दिसतं तिथे शिरलेलं नसतं. कडीपाटावर तपकिरी वर्तुळ आहे, पण फुटलेलं कौल त्याच्या दोन खण पलीकडे निघालं. पाणी वाशाच्या पोटावरून ओघळत आलं आणि खिळ्याशी अडून तिथे टपकलं. गळती शोधताना पाइपनं पाणी मारावं लागतं, ते खालून वर. आधी भिंतीचा खालचा भाग भिजवायचा, थांबायचं, आत पाहायचं, मग थोडं वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच जातं आणि काहीच कळत नाही. आणि तुळईची टोकं तपासल्याशिवाय माळा सोडू नये. तुळई मधोमध कितीही उत्तम दिसो, ती कुजते भिंतीत गेलेल्या टोकाशी, आणि तिचा सगळा भार त्या न दिसणाऱ्या वीतभरावर असतो.

तड्यांची लिपी वेगळी. या वाड्याच्या वायव्य कोपऱ्याशी सांध्यांमधून पायरी-पायरीनं चढत गेलेला एक तडा आहे, वर रुंद आणि खाली केसाएवढा. कोपरा खाली आणि बाहेर झुकतो आहे, असं तो सांगतो. पण कधी झुकला? तड्याच्या आत डोकावलं तर काजळी, कोळिष्टक आणि चुन्याच्या जुन्या हातांचे थर दिसतात. तो जुना आहे, बऱ्याच रंगरंगोट्या त्यानं पचवल्या आहेत. फक्त वरच्या टोकाला वीतभर कडा स्वच्छ आणि धारदार आहेत. तेवढी हालचाल नवी. खाली त्याच कोपऱ्याशी गटाराचं चेंबर आहे आणि त्याचा पाइप फुटलेला निघाला. वाहतं पाणी पायाखालची बारीक माती धुऊन नेत होतं. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरनं बसवण्याची जुनी रीत आहे. हालचाल झाली की काच फुटते. मला त्याहून दोन बाजूंना दोन खुणा करून दर महिन्याला अंतर लिहून ठेवणं बरं वाटतं, कारण काच हललं एवढंच सांगते, किती ते सांगत नाही. शिवाय काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात फाकतं आणि पावसात मिटतं. एकाच भेटीत मोजणाऱ्याला हे कळणार नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. असंख्य जुनी घरं पडली. मातीत बांधलेली भिंत भिजली की तिचा सांधाच चिखल होतो. चुन्यात बांधलेली पक्की वीट भिजूनही आपला भार धरू शकते. म्हणून भिंत कशात बांधली आहे हे आधी पाहावं, एखाद्या सांध्यात खिळा फिरवून. या वाड्याचा तळमजला चुन्यातला आहे, वरच्या मजल्याला लाकडी सांगाड्यात कच्च्या विटा आहेत. त्यामुळे कौलांची गळती हा इथे जमिनीतल्या ओलीपेक्षा गंभीर प्रश्न आहे, जरी डोळ्यांत ओलच अधिक भरत असली.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. ते योग्यच आहे, आत माणसं राहतात. पण नोटीस आणि पाडकाम यांच्यामध्ये एक नीट वाचन व्हायला हवं, आणि ते फार क्वचित होतं. या वाड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाडण्याचं कारण या भिंतींत नाही. आधी गटार दुरुस्त करावं, कौलं आणि पन्हळी चाळाव्यात, भिंतीलगतचं काँक्रीट हातभर तोडावं, तळखडे मोकळे करावेत. मग सिमेंटचा पट्टा काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवावी आणि त्यानंतर चुना लावावा. क्रम उलटा केला तर पैसा वाया जाईल.

तुमच्या घरी असा डाग असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवा, शेजारी तारीख लिहा, आणि दुसऱ्या ऋतूत पुन्हा पाहा. सवड द्यायची नाही ती एकाच बाबतीत. ओळंबा सोडल्यावर भिंत मधोमध पोट काढून बाहेर आलेली दिसली, तर दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांपासून सुटले आहेत. तिथे आधी टेकू द्या, माणसं हलवा आणि त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.