नळीच्या तोंडाशी थांबलेले संशोधन

मुंबईच्या उपनगरांत ‘डक्ट’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इमारतीच्या पोटातली ती उभी, अरुंद मोकळी जागा. तिच्यात बाथरूमच्या खिडक्या उघडतात आणि सांडपाण्याचे पाइप खाली जातात. तळमजल्यावरचे भांडण पाचव्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू येते ते तिच्यामुळे. घाटकोपर पश्चिमेच्या आमच्या इमारतीत विमानाचा आवाज आधी खिडकीतून येतो आणि मग डक्टमधून पुन्हा एकदा, जाडसर होऊन. वातानुकूलनाचे पत्र्याचे डक्ट बसवण्याच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. कॉलेज अर्धवट सुटले होते. नळीतल्या आवाजाविषयी जे शिकलो ते फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून आणि पुढे हाती लागतील त्या शोधनिबंधांतून.

त्या वाचनाच्या आधारावर विमानाच्या इंजिनाच्या आवाजावरील संशोधनाची इथे थोडी झडती घ्यायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: हे गेल्या शतकातल्या अभियांत्रिकीतले एक अतिशय देखणे काम आहे, पण ते नळीच्या तोंडाशी थांबते. तिथून माणसाच्या कानापर्यंतचा रस्ता त्याने हिशेबनिसांच्या हाती सोपवला आहे.

या विषयाची सुरुवात झोतापासून झाली. १९५२ मध्ये जेम्स लाइटहिल यांनी दाखवले, की जेट झोताच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती २५६ पटींनी घटते. डेसिबलमध्ये सुमारे २४. थोडी हवा प्रचंड वेगाने फेकण्याऐवजी पुष्कळ हवा सावकाश ढकलणारा मोठा पंखा पुढे इंजिनाच्या तोंडाशी आला. झोत शांत झाला, आणि तोवर त्याच्या गर्जनेत बुडालेली पंख्याची शिटी वर आली.

ही शिटी नळीतून बाहेर कशी पडते, याचे उत्तर प्रॅट अँड व्हिटनीतल्या टायलर आणि सॉफ्रिन यांनी १९६२ मध्ये दिले. त्यांच्या निबंधाचे शीर्षक कॉम्प्रेसरच्या आवाजाविषयी आहे, दिसायला रुक्ष. आतली कल्पना मात्र गणेशोत्सवातल्या रोषणाईने समजते. मंडपावरचे दिवे जागचे हलत नाहीत; पण ते क्रमाने पेटले की उजेडाची नक्षी धावताना दिसते, आणि ती हव्या त्या वेगाने धावू शकते. पंख्याची फिरती पाती आणि त्यामागची स्थिर पाती यांच्या भेटीतून दाबाची अशीच नक्षी नळीत फिरते. समजा, फिरती पाती २० आणि स्थिर पाती २४ आहेत. फरक चारचा, म्हणून चार पाकळ्यांची नक्षी तयार होते आणि पंख्याच्या पाचपट वेगाने उलटी फिरते. नळीच्या भिंतीपाशी तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पुढे जातो आणि ती बाहेर पडते. आता स्थिर पाती ४४ करा. नक्षीला २४ पाकळ्या येतात आणि ती पंख्यापेक्षाही सावकाश फिरते. पात्यांच्या टोकांचा वेग ध्वनीपेक्षा कमी असेल, तर ही नक्षी नळीतच विरते. आवाज जन्मतो, पण दाराबाहेर पडत नाही. अभियंते याला ‘कट-ऑफ’ म्हणतात. आवाज दाबायचा किंवा शोषायचा नाही. पात्यांची संख्या अशी निवडायची की त्याला बाहेरची वाटच मिळू नये. हे पहिल्यांदा कळले त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आणि त्या दिवशी तरी दोष विमानांचा नव्हता.

पण हा हिशेब पुढे चालवला की त्याची मर्यादा दिसते. त्याच २० आणि ४४ पात्यांत शिटीचा दुप्पट वारंवारतेचा सूर घ्या. दोनदा वीस चाळीस, वजा चव्वेचाळीस. पुन्हा चारच पाकळ्या, आणि वेग पंख्याच्या दहापट. हा सूर सुटतो. पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मूळ सूर १००० हर्ट्झचा आणि सुटलेला सूर २००० हर्ट्झचा, म्हणजे जिथे आपला कान तिखट व्हायला लागतो तिथला. त्याच्यासाठी नळीला आतून अस्तर असते: भोके पाडलेला पत्रा, मागे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे आणि त्यामागे घट्ट भिंत. हे माझ्या धंद्यातले काम. ढोबळमानाने कप्प्याची खोली आवाजाच्या लांबीच्या पाव लागते. २००० हर्ट्झला सव्वाचार सेंटिमीटर, १००० हर्ट्झला साडेआठ.

नव्या इंजिनांची अडचण इथेच आहे. सीएफएम-५६ च्या एका जुन्या प्रकारात पंख्याला ३६ पाती होती. त्याच घराण्यातल्या लीप इंजिनाला १८ आहेत. पाती कमी आणि पंखा मोठा, सावकाश. म्हणून सूर खाली येतो. खालचा सूर शोषायला खोल अस्तर हवे, तर इंधन वाचवण्यासाठी इंजिनाचे वेष्टन व्यासाच्या मानाने आखूड होत चालले आहे. शिवाय खालचा सूर हवेत कमी विरतो आणि बंद खिडकीलाही कमी जुमानतो. संशोधक हे जाणतात, त्यावर लिहितातही. पण त्यांच्या निबंधांतला आवाज मोजला जातो तो नळीच्या तोंडाशी, नाही तर प्रमाणपत्राच्या मायक्रोफोनपाशी.

त्या मायक्रोफोनची जागा पाहण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाचा आवाज तीन ठिकाणी मोजतात. उतरतानाचे ठिकाण धावपट्टीच्या उंबरठ्यापासून २००० मीटर अलीकडे असते. तिथे विमान १२० मीटर उंचीवर असते. मायक्रोफोन जमिनीपासून १.२ मीटरवर, भोवती सपाट मोकळी जागा. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेचा, म्हणून मुख्य धावपट्टीवर विमाने पूर्वेकडून उतरतात. नकाशावर पट्टी ठेवून मी ते २००० मीटर मोजले. ती जागा येते घाटकोपर पश्चिमेच्या वस्तीत, स्टेशनच्या जराशी अलीकडे. चाचणीतल्या मोकळ्या जमिनीच्या जागी इथे भिंतीला भिंत लागलेल्या इमारती, टेकडीच्या उतारावर विमानाच्या आणखी जवळ गेलेली घरे, आणि आवाज पाचव्या मजल्यावरून तळाला पोचवणारे डक्ट आहेत. उतरताना झोत मंद असतो; ऐकू येतात ती पंख्याची शिटी आणि चाके-पंखांवरून फाटणारी हवा. गर्जना पार्ले-जुहूकडच्यांच्या वाट्याला येते, उड्डाणाच्या वेळी.

आता हिशेबनिसाची करामत पाहा. २००६ पासूनच्या नव्या नमुन्यांना आधीच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल कमी आणि २०१७ अखेरपासून मोठ्या विमानांना आणखी ७ कमी, अशी अट आहे. ऐकायला सतरा डेसिबल म्हणजे केवढी शांतता! पण ही तिन्ही ठिकाणच्या बचतीची बेरीज आहे. सरासरी काढली तर एका ठिकाणी सहासुद्धा भरत नाही. उड्डाणात भरघोस कमावून उतरताना थोडक्यात भागवता येते. नियम तीन मायक्रोफोनची बेरीज करतो. माणसाला मात्र धावपट्टीच्या बाजूला एक, जुहूला एक आणि घाटकोपरला एक अशी तीन घरे नसतात.

दुसरी करामत संख्येची. प्रत्येक विमान ३ डेसिबलने शांत झाले आणि विमाने दुप्पट झाली, तर दिवसाची सरासरी जिथल्या तिथे राहते. २०१८ मध्ये मुंबईने एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे-उतरणे हाताळली, आणि त्याचे कौतुकही झाले. त्याच वर्षी केंद्राने गजबजलेल्या विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबलची सरासरी मर्यादा ठरवली. एरवी २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी ती ५५ आणि ४५ आहे. रात्रीचा फरक २० डेसिबलचा, म्हणजे ध्वनिऊर्जा शंभरपट. नळीत एकेका डेसिबलसाठी झालेली साठ वर्षांची झटापट एका अधिसूचनेत कुठल्या कुठे गेली.

यावर कुणी म्हणेल, वेळापत्रक आणि कायदा हा इंजिनवाल्यांचा प्रांत नव्हे; आणि धावपट्टीच्या वाटेत घरे बांधायला कुणी सांगितले होते? दुसरा प्रश्न मी मान्य करतो. माझे घर त्या घरांतलेच एक आहे. पहिला मात्र मला पटत नाही. संशोधन कोणता आकडा कमी करायचा ते निवडते, तेव्हाच कुणाच्या कानासाठी काम करायचे हेही निवडते. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एम. एल. मुंजाल यांचे डक्ट आणि मफलरवरचे १९८७ चे पुस्तक जगभर वापरले जाते. या विद्येची आपल्याकडे वाण नाही. उणीव आहे ती ऐकणाऱ्याच्या टोकापासून उलट दिशेने सुरू होणाऱ्या संशोधनाची: दाट वस्तीत, टेकडीवर, इमारतीच्या डक्टमध्ये, रात्री किती वेळा आणि कोणत्या सुराचा आवाज पोचतो, आणि त्यासाठी इंजिनात काय बदलावे लागेल.

दिवाळीत फटाक्याला आपण एका बाराने जोखतो: चार मीटरवर १२५ डेसिबल, त्यापुढे मनाई. शंभर फटाक्यांची सरासरी काढून कुणी फटाकेवाल्याला सोडत नाही. विमानतळाभोवतीच्या रात्रीला मात्र सरासरीने जोखतो. घाटकोपरमध्ये फोनवर बोलताना माणसे मध्येच थांबतात, विमान जाऊ देतात आणि तुटलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतात. तो थांबा कुठल्याच सरासरीत येत नाही. टायलर-सॉफ्रिन यांच्यापुढे मी आजही हात जोडतो. पण त्यांच्या वारसांनी तो थांबाही मोजायला घ्यावा.