अंधारात भरलेला तांब्या

पोट गोल, गळा आखूड, काठ बाहेर उमललेला. आजीचा तांब्या सांगून एवढ्यात संपतो, पण हातात घेतला की त्याचं एकेक कळत जातं. काठाखाली बोटं जाऊन बसतात आणि भरल्या तांब्याचा भार ती मूठ न आवळताही पेलतात. हात तेलकट असला तरी तो निसटत नाही. काठ बाहेर वळल्यामुळे धार पोटावरून ओघळत नाही, नेमकी भांड्यात पडते. चालताना पाणी हिंदकळू नये इतका गळा अरुंद, आणि घासताना हात तळापर्यंत जावा इतका रुंद. या दोन मापांमधली जागा बोटभरच असेल. ती कोणी शोधली, त्याचं नाव कुठेच नाही.

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दांपत्य देशभर हिंडलं. त्यांच्या अहवालातून पुढे, १९६१ साली, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या साऱ्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत वरचा मान दिला तो लोट्याला, म्हणजे आपल्या तांब्याला. तो कोणा एकाने रचायचा म्हटला, तर पाणी किती मावावं, न्यायचा डोक्यावर की कमरेवर, रिकाम्याचा तोल कसा आणि भरल्याचा कसा, आवाज कसा यावा, असे किती प्रश्न सोडवावे लागतील याची त्यांनी यादीच दिली. ते सगळे प्रश्न पिढ्यांनी मिळून सोडवले होते. माझ्या मते वस्तूचं याहून चांगलं रसग्रहण कोणी केलेलं नाही.

आमचा तांब्या पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतला. अंगभर मठारलेला. मठार म्हणजे नुसती नक्षी समजणाऱ्यांनी एकदा त्या आळीत उभं राहून ऐकावं. तांब्याचा पत्रा मुळात मऊ. घाट घडवताना ठोकून ठोकून तो ताठर होतो, तडकू नये म्हणून भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने घावाशेजारी घाव घालत अख्खं भांडं फिरवायचं. त्या घावांनी धातू घट्ट होतो, पातळ पत्र्यालाही बळ येतं. दिव्याचा उजेड त्या प्रत्येक खळग्यात वेगळा थांबतो. शोभा आणि मजबुती एकाच घावातून निघतात, हे मला फार मोठं वाटतं.

काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव घातलेलं आहे. भांडं घेतलं की नाव घालून घ्यायचं, कारण लग्नामुंजीत ते शेजारी जाणार आणि परत यायला हवं.

गेल्या महिन्यात पाण्याची बाटली आणायला गेले. भिंतभर बाटल्या होत्या. अर्धा तास गेला. घरी आधीच्या तीन पडून आहेत. एकीचं झाकण चिरलंय, दुसरीचं रबर हरवलंय, तिसरीचा वास जात नाही. एकीलाही दुरुस्ती नाही. तांब्या चेपला तर तांबट पोचा काढून देतो, आणि अगदीच संपला तरी मोडीत त्याच्या वजनाचे पैसे येतात. मी रिकाम्या हाताने परत आले.

तांब्याचं पथ्यही आहे. ताक, चिंचेचं सार त्यात ठेवायचं नाही, कळकतं. पण बाहेरून काळवंडला तर त्याच चिंचेने आणि मिठाने लख्ख होतो. आंबटाने वरचा काळा थर विरघळतो आणि गुलाबी झाक पुन्हा वर येते.

रात्री निजायच्या आधी मी तो भरते. दिवा लावत नाही. सुरुवातीला धारेचा आवाज खोल, घुमणारा असतो. पाणी चढेल तसा तो बारीक होत जातो. गळ्याशी आल्यावर एकदम वर सरकतो, तेव्हा नळ बंद करायचा. मग वर भांडं उपडं घालायचं.