मौनाचा हक्क

न्यायालयाच्या निकालपत्राला आपण सहसा साहित्य मानीत नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी राष्ट्रगीत प्रकरणी दिलेला निकाल आमच्या वाचकांनी गद्यकृती म्हणून वाचावा, असे आम्हांस वाटते. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे त्याचे लेखक.

आरंभ साधा आहे. केरळातील तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहतात, पण गात नाहीत. ती 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची. एका आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशीत अवमान आढळला नाही. तरी जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. हे सांगताना लेखक आवाज चढवीत नाही, म्हणूनच अन्याय अधिक ठळक होतो.

निकालाचे मर्म पुढे आहे. राष्ट्रगीतात कोणाच्याही धर्मभावनांना धक्का देणारा शब्द नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले होते. रेड्डी म्हणतात, प्रश्न तो नव्हेच. ती श्रद्धा इतरांना पटते की नाही हे गौण. ती सदसद्विवेकाने, प्रामाणिकपणे बाळगलेली आहे काय, एवढेच पाहावयाचे. शिवाय कलम १९ व २५ मधील हक्कांवर मर्यादा घालावयाची तर कायदा हवा, खात्याची परिपत्रके पुरेशी नाहीत.

येथवर युक्तिवाद भक्कम आहे. शेवटी मात्र निकालपत्र सहिष्णुतेची थोरवी गाते. हा समारोप गाजला, पण आम्हांला तो मूळ युक्तिवादाहून दुबळा वाटतो. सहिष्णुता हे बहुसंख्याकांचे औदार्य. ते आज असेल, उद्या नसेल. हक्क कोणाच्या औदार्यावर अवलंबून नसतो, म्हणूनच राज्यघटनेने तो बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवला.

आपल्यापुरता प्रश्न अधिक अवघड आहे. राष्ट्रगीत आपण प्रेमाने गातो आणि हा पंथ तर पवित्र त्रैक्यच नाकारतो. या मुलांविषयी आपल्याला सहज जिव्हाळा वाटेलच असे नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा पाया मानवी प्रतिष्ठेत शोधला आणि सत्यशोधाचे कर्तव्य न पाळणाऱ्यांचाही तो हक्क अबाधित मानला. देशात अल्पसंख्य असलेला आपला समाज काही गावांत, काही शाळांत बहुसंख्य असतो. तेथे न गाणाऱ्या मुलाशी आपण कसे वागतो, यावरूनच हा निकाल आपल्याला किती उमगला ते ठरेल.