कुमार पटेल यांचा १९६४ चा पेपर : बारामतीचा अभिमान थोडा बाजूला ठेवून

कुमार पटेल यांची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं सांगितली जाते. १९३८ ला बारामतीत जन्म. १९५८ ला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून (आजचं सीओईपी) पदवी. मग अमेरिकेत स्टॅनफर्ड, १९६१ ला पीएच.डी., लगेच बेल लॅब्समध्ये नोकरी, आणि पंचविशी-सव्विशीत कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध. पुढे १९९६ ला अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स. टाळ्या.

यातलं सगळं खरं आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलाच्या हातात यातून काय पडतं? फक्त एक प्रवासवर्णन. गावाहून पुणे, पुण्याहून अमेरिका. मधे त्यांनी नेमका कोणता प्रश्न विचारला, तो सोडवायला काय जोडलं, आणि उत्तर बरोबर आहे हे कशावरून ठरवलं, याबद्दल एक ओळ नसते. मी दिवाळीत उमापूरला आलो की गेवराई-बीडकडची पेटची तयारी करणारी दोन-चार मुलं भेटतात. ती विचारतात, "दादा, टॉपिक कुठला घेऊ?" प्रश्न कुठला घेऊ, असं क्वचितच कोणी विचारतं. मला वाटतं हा दोष मुलांचा कमी आणि आपण त्यांना सांगत आलेल्या गोष्टींचा जास्त आहे.

म्हणून आज पटेल यांचा एक पेपर वाचूया. २३ नोव्हेंबर १९६४ च्या फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये तो आला. जेमतेम तीन पानं, लेखक एकटे पटेल. शीर्षकाचा साधारण अर्थ असा : कंपन-ऊर्जेच्या देवाणघेवाणीतून निवडक उद्दीपन, आणि नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइडमधली 'ऑप्टिकल मेसर' क्रिया. लेसरला तेव्हा ऑप्टिकल मेसरही म्हणत. पेपर उत्तम आहे. पण का उत्तम आहे आणि कुठे अपुरा आहे, दोन्ही बघू.

प्रश्न काय होता

त्या काळातला हेलियम-निऑन लेसर घ्या. त्याच्या तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा १.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पण तो फोटॉन मिळवायला निऑनचा अणू जवळजवळ २०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत वर चढवावा लागतो. भागाकार करा : साडेनऊ टक्के. म्हणजे बाकी सगळं आदर्श चाललं तरी नव्वद टक्के ऊर्जा वायाच जाणार. दहाव्या मजल्यावर पाणी चढवायचं आणि पहिल्या मजल्याएवढ्याच उंचीवरून पडू द्यायचं, तसला हा प्रकार.

रेणूंचं तसं नाही. रेणूच्या कंपन पातळ्या तळाच्या अगदी जवळ असतात. कार्बन डायऑक्साइडची वरची लेसर पातळी तळापासून २३४९ प्रति सेंटिमीटरवर आहे (स्पेक्ट्रोस्कोपीवाले ऊर्जा अशी तरंगसंख्येत मोजतात), आणि १०.६ मायक्रोमीटरच्या प्रकाशाची तरंगसंख्या साधारण ९४३. भागाकार ४० टक्के. हा हिशोब अकरावीच्या मुलालाही जमेल. पण "लेसर करायचाच आहे तर अणूच का?" हा प्रश्न आधी पडावा लागतो. पटेल यांच्या कामाचं मूळ या प्रश्नात आहे.

नायट्रोजन कशाला?

नुसत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये डिस्चार्ज करून पटेल यांनी आधीच लेसर क्रिया मिळवली होती. पण ताकद मिलिवॅटच्या पातळीवर. वरच्या पातळीत पुरेसे रेणू पोचतच नव्हते, आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नायट्रोजनच्या रेणूची पहिली कंपन पातळी आहे २३३० च्या आसपास. कार्बन डायऑक्साइडच्या २३४९ शी तुलना केली तर फरक फक्त १८-१९. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची सरासरी ऊर्जा, म्हणजे आपलं केटी, सुमारे २०८ असते. तिच्यापुढे हा फरक किरकोळ. दोन रेणू आदळले की ऊर्जा सहज इकडून तिकडे जाते. दुसरी गंमत म्हणजे नायट्रोजनचे दोन्ही अणू एकसारखे, त्यामुळे कंपनातली ऊर्जा तो प्रकाशाच्या रूपात टाकू शकत नाही. ती धरून बसतो आणि योग्य गिऱ्हाईक आदळलं की देऊन टाकतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गौरवाच्या लेखांत ती गळते. टक्करीतून ऊर्जा देण्याची युक्ती नवी नव्हती. हेलियम-निऑन लेसर त्याच युक्तीवर चालतो, आणि तो अली जावान व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये बेल लॅब्समध्येच केला होता. उद्दीपित नायट्रोजनची कंपन-ऊर्जा लेसरसाठी वापरावी ही कल्पना फ्रान्समध्ये लेगे आणि लेगे-सोमेर यांनी १९६४ मध्येच छापली होती. यानं पटेल लहान होत नाहीत. उलट लक्षात येतं की चांगला प्रश्न एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात असतो. एकट्या प्रतिभावंताची गोष्ट ऐकून तुम्ही घाबरता. चालू असलेल्या चर्चेत एक पाऊल कसं टाकलं हे कळलं तर तुम्हालाही टाकावंसं वाटेल.

पेपर जिंकतो ती जागा

आता तुम्हीच विचार करा. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकाच नळीत घातले, डिस्चार्ज केला, ताकद वाढली. सिद्ध काय झालं? "नायट्रोजन घातल्यावर ताकद वाढते", एवढंच. ती का वाढते याची निदान तीन स्पष्टीकरणं शिल्लक राहतात. नायट्रोजनमुळे डिस्चार्जमधल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलली असेल आणि तेच कार्बन डायऑक्साइडला जास्त चांगलं उचलत असतील. कार्बन डायऑक्साइड फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन होतो, त्यातलं काही कारणीभूत असेल. किंवा खरोखर नायट्रोजनच ऊर्जा देत असेल.

पटेल यांनी डिस्चार्ज वेगळ्या भागात नेला. तिथून फक्त नायट्रोजन गेला. तो वाहत पुढे आला आणि लेसरच्या भागात, जिथे डिस्चार्ज नव्हताच, तिथे ताज्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळला. तरीही लेसर क्रिया मिळाली. झालं! पहिली दोन स्पष्टीकरणं एका फटक्यात बाद. कार्बन डायऑक्साइडनं डिस्चार्ज पाहिलाच नाही, तर तो इलेक्ट्रॉनांनी उचलला किंवा फोडला कसा जाईल?

ही मांडणी करून जास्त ताकदीचा लेसर मिळणार होता म्हणून हे केलेलं नाही. कारण वेगळं काढायचं म्हणून केलेलं आहे. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत "अमुक घातलं, तमुक वाढलं" असे वीस आलेख असतात आणि कारण वेगळं काढणारा एकही प्रयोग नसतो. या तीन पानांपुढे ते वीस आलेख फिके पडतात, ते यामुळे.

पण थांबा, शंका काढा

चांगला पेपर म्हणजे शंका संपल्या असं नाही. डिस्चार्जमधून निघालेला नायट्रोजन लेसरच्या भागापर्यंत पोचतो तेव्हा वाटेत काय काय टिकतं? कंपन करणारे रेणू टिकतात, पण सुटे नायट्रोजन अणूही बराच वेळ टिकतात, आणि दीर्घायुषी इलेक्ट्रॉनिक अवस्थेतले काही रेणूही असू शकतात. म्हणजे नुसतं अंतर ठेवल्यानं 'ऊर्जा नायट्रोजनकडून आली' हे ठरतं. 'कंपनातूनच आली' हे एवढ्यानं ठरत नाही. ती दुसरी पायरी उभी आहे १८-१९ च्या त्या जुळणीवर. मांडणी आणि आकडा, दोन्ही मिळून युक्तिवाद पुरा होतो. वाचताना 'प्रयोगानं किती सिद्ध झालं आणि आकड्यानं किती' हे समासात वेगवेगळं लिहायची सवय लावा.

दुसरी उणीव जास्त मोठी. या प्रयोगाचा भर वरची पातळी भरण्यावर आहे. लेसरला खालची पातळी रिकामीही व्हावी लागते. ती तळापासून १३८८ वर आहे. खोलीच्या तापमानाला (३०० केल्विन) तिथे तळाच्या मानानं ०.१३ टक्के रेणू असतात. वायू तापून ६०० केल्विनला गेला की ३.६ टक्के, म्हणजे जवळजवळ २८ पट. वरून कितीही भरा, खाली गर्दी झाली की लेसर मंदावतो. यावरचा उपाय पुढच्या कामात आला : हेलियम. तो उष्णता भिंतीकडे वाहून नेतो आणि खालच्या पातळ्या रिकाम्या करायलाही मदत करतो. १९६५ पर्यंत पटेल आणि सहकारी शंभर वॅटच्या घरात पोचले. म्हणजे ज्या लेसरनं आज दुकानांत ॲक्रिलिकचे बोर्ड आणि लग्नपत्रिका कापल्या जातात, तो या एका पेपरात बसत नाही. पेपरानं अर्धं कोडं सोडवलं, आणि ते नीट सोडवलं.

फिल्टर : 'प्रकाश आला' म्हणजे नेमका कुठला?

प्रकाश त्याच पातळ्यांमधला आहे हे कळतं कसं? इथे फिल्टरचा धडा आहे. समजा तुम्ही १०.६ मायक्रोमीटरचा, ०.२ मायक्रोमीटर रुंदीचा फिल्टर लावला. तरंगसंख्येत ही रुंदी होते १८ च्या आसपास. कार्बन डायऑक्साइडच्या शेजारशेजारच्या लेसर रेषांत अंतर असतं सुमारे १.८. म्हणजे त्या फिल्टरमधून १० रेषा एकदम निसटतील आणि तुम्हाला वाटेल एकच प्रकाश आहे. रेषा सुट्या करायला ग्रेटिंग लागतं. त्या सुट्या झाल्या की दिसतं की एकाआड एक रेषा गायब आहे. या रेणूच्या सममितीमुळे वरच्या पातळीत एकाआड एकच फिरकी-पातळी भरलेली असते. ही त्याची बोटाची खूण. रुंद फिल्टरला ती दिसत नाही.

आणखी एक. साधी काच आपल्याला पारदर्शक, पण १०.६ मायक्रोमीटरला ती भिंत आहे. जर्मेनियम आपल्याला काळाकुट्ट, पण या प्रकाशाला ते खिडकी आहे. मिठाचा स्फटिकसुद्धा चालतो, फक्त ओल लागू द्यायची नाही. तेव्हा प्रस्तावात 'योग्य फिल्टर वापरला जाईल' असं लिहू नका. कशापासून काय वेगळं करायचंय आणि त्यासाठी किती रुंदी लागेल, ते लिहा.

पल्स : वेळेनं गाळणं

१९७० मध्ये कॅनडाच्या ब्युल्यू यांनी वातावरणाच्या दाबावर चालणारा, आडव्या डिस्चार्जचा कार्बन डायऑक्साइड लेसर जाहीर केला. त्याच्या पल्सचा आकार बघण्यासारखा आहे. सुरुवातीला सुमारे १०० नॅनोसेकंदांचं टोकदार शिखर, आणि मागे एखाद्या-दोन मायक्रोसेकंदांची लांब शेपटी. शिखर आधीच साठलेल्या ऊर्जेचं. आणि शेपटी? शिखरानं कार्बन डायऑक्साइड रिकामा केल्यावरही नायट्रोजन टक्करींतून ऊर्जा देतच राहतो, म्हणून. मिश्रणातला नायट्रोजन काढून टाका, शेपटी जाते.

म्हणजे १९६४ मध्ये जे जागेनं वेगळं केलं होतं, ते इथे वेळेनं वेगळं दिसतं. पटेल यांच्या दाव्याला स्वतंत्र साक्षीदार मिळाला. पण तुमच्याकडे मंद डिटेक्टर असेल, नुसती एकूण ऊर्जा मोजणारा, तर शिखर आणि शेपटी मिळून एकच आकडा येईल आणि साक्षीदार समोर असून दिसणार नाही.

तर मग टॉपिक कुठला घ्यायचा?

टॉपिकचं नाव नंतर ठरवा. आधी एक वाक्य लिहा : "अमुक परिणामाची दोन कारणं असू शकतात, आणि मी ती या पद्धतीनं वेगळी करणार आहे." हे वाक्य जमलं की मुलाखतीत समोरच्या सरांशी बोलायला तुमच्याकडे खरंखुरं काही असेल. जमलं नाही तर वाचन अजून कमी पडतंय, घाई करू नका. बारामतीचा मुलगा मोठा झाला हे ऐकून एक दिवस बरं वाटतं. त्यानं नळीचे दोन भाग का केले हे कळलं तर ते पीएच.डी.ची पाच वर्षं उपयोगी पडतं.

पेपर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळवा आणि स्वतः वाचा. जाता जाता एक गणित : ४०० केल्विनला १३८८ च्या पातळीत तळाच्या मानानं किती टक्के रेणू असतील? ०.७ च्या जवळपास उत्तर आलं तर गाडी रुळावर आहे.